लाटण्याचं ब्लडप्रेशर

मंडळी, गेल्या महिन्याभरात नात्यातल्या तिघांनी फोनवर एकच प्रश्न विचारला. तब्येत मोजणारं ते स्मार्ट घड्याळ घ्यावं का? एक आमचे धाकटे भावजी, दुसरी भाची (तिला आईसाठी घ्यायचंय) आणि तिसरा आमचाच पुण्याचा मुलगा. तो तर विचारण्यापुरतंच विचारतो, त्याने घ्यायचं ठरवलेलंच असतं. तिघांना तीनदा सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. फळ्यावर एकदा लिहिलं की सगळ्या वर्गाला दिसतं, ही जुनी सवय!

आमचे हे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात होते, मापनयंत्रांच्या विभागात. पाळ्या करून निवृत्त झाले. २१० मेगावॅटचा संच, वाफ ५४० अंशांची, आणि तिचा दाब दाखवणारी सुई. ती सुई खोटं बोलली तर काय होईल, या काळजीवर त्यांची सगळी नोकरी गेली. म्हणून प्रत्येक गेज ठरावीक दिवसांनी काढून, ठरलेली वजनं ठेवलेल्या यंत्रावर पारखून पुन्हा बसवायचं. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालंय, "मीटर नसलं तर माणूस सावध राहतो, चुकीचं मीटर असलं की निर्धास्त होतो." घड्याळाबद्दल मला जे म्हणायचंय ते जवळजवळ सगळं यात आलंच, पण थोडं विस्ताराने सांगते.

आमच्या फिरण्याच्या कंपूत एक शेजारी आहेत. त्यांच्या पुतण्याने दिवाळीत घड्याळ दिलं. पावलं, ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब, सगळं दाखवणारं, आणि किंमत चांगल्या साडीपेक्षा कमी. गृहस्थ खूश. रोज सकाळी मनगट पुढे करून "एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर" असं जाहीर करायचे. दोन महिन्यांनी सहज बोलता बोलता कळलं, की "आता प्रेशर नॉर्मलच असतं" म्हणून त्यांनी गोळी एक दिवसाआड केली होती. डॉक्टरांना न विचारता!

ह्यांनी त्या दिवशी काही वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांना चहाला बोलावलं, घड्याळ मागून घेतलं आणि माझ्या लाटण्याला बांधलं. थोडा वेळ हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा आला. लाटण्याचं ब्लडप्रेशर एकशे सोळा, शहात्तर. नाडी एकाहत्तर. सागवानी लाटणं, माझ्या सासूबाईंच्या वेळचं; तब्येत उत्तम निघाली! मग आमच्याकडच्या दंडाला बांधायच्या मशीनवर त्यांचं प्रेशर पाहिलं. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे. दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि गोळी पुन्हा रोजची झाली. काही वाईट घडलं नाही म्हणून आम्ही आता हसतो. पण घडू शकलं असतं.

यात जादू काही नाही. घड्याळाच्या पोटाशी असलेला हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटात रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. स्वस्थ बसलेलं असताना हे बऱ्यापैकी बरोबर येतं. रक्तदाब मात्र निराळी गोष्ट. दंडाचा पट्टा हवेने फुगून धमनी दाबतो, म्हणून त्याला दाब कळतो. नुसत्या उजेडाने दाबाचा अंदाजच करावा लागतो. सॅमसंगने काही घड्याळांत रक्तदाबाची सोय दिली, तेव्हा दंडाच्या मशीनशी ते आधी जुळवून घ्यायचं आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा जुळवायचं, अशी अट घातली. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "हां, ही माणसं मीटर ओळखतात." आणि जे घड्याळ काहीही जुळवायला न सांगता थेट आकडा देतं, त्याने तो कुठून आणला हे त्यालाच विचारावं.

रक्तातल्या साखरेचंही तेच. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या जाहिराती येतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट सावध केलं, की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने असल्या आकड्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतेल. भावजी, हे तुमच्यासाठी आहे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात हे मान्य, तरी बोट टोचायचं सोडू नका.

आता पावलं. दहा हजार पावलं हा आकडा जणू ऋषीमुनींनी सांगितल्यासारखा सगळीकडे ऐकू येतो. तो आला जपानमधून. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर व्यायामाची हवा होती, तेव्हा १९६५ साली तिथे कमरेला लावायचं एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीला गोल आकडा बरा वाटला, एवढंच. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत जवळजवळ सतरा हजार वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२, म्हणजे माझ्याच वर्गातल्या! दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढत गेला नाही. तेव्हा गुडघे धरून दहा हजार पुरे करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, जरा बसा.

शिवाय ही मोजणी हाताच्या हालचालीवर होते. मुलगा आला होता तेव्हा त्याचं घड्याळ मी एक दिवस बांधून पाहिलं. कणीक तिंबताना काही पावलं जमा झाली, आणि दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या धरून वसाहतीचं फाटक ते घर चालले, ती निम्मी बुडाली. दारणाकाठी २०२० साली बिबट्याच्या हल्ल्यांनी दहशत बसवली, तेव्हापासून आमचा कंपू पुरतं उजाडल्याशिवाय बाहेर पडत नाही. थंडीत त्यामुळे फेऱ्या कमी होतात. घड्याळ मात्र "आज तुम्ही मागे आहात" म्हणून टोचतं. त्याला बिबट्या काय माहीत!

ज्याला बसून राहायची सवय लागलीय त्याला हे टोचणं उपयोगी पडतं, हे खरं. माझी भावजय अशाच एका साध्या पट्ट्याच्या नादाने पाच-सहा महिने चालली, वजनही उतरलं. मग पट्टा कपाटात गेला, चालणं राहिलं. एवढ्या कामाला स्वस्तातला पट्टा पुरतो. हेही लक्षात ठेवा, की ह्यांचं लग्नातलं एचएमटी किल्ली दिली की आजही चालतं, आणि सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं त्याला, २०१६ पासून, इतकी वर्षं झाली. या नव्या घड्याळांची बॅटरी काही वर्षांत दमते आणि बदलून घेणं बहुधा परवडत नाही.

नुसती नाडी पाहायला तर काहीच विकत घ्यायला नको. सातवीच्या मुलांना मी शिकवायची: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, अंगठा ठेवायचा नाही, कारण त्याचा स्वतःचा ठोका लागतो, तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. (नाडीसाठी घड्याळ ही कल्पनाही नवी नाही बरं का. इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेऊन १७०७ साली त्यावर पुस्तकही लिहिलं होतं.)

एवढं सगळं बोलून झाल्यावर सांगते, की आमच्या घरी घड्याळ येतंय.

ह्यांना गेल्या वर्षापासून मधूनच छातीत धडधड होते. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, पाच-दहा मिनिटं, बहुधा रात्री. नाशिकरोडला जाऊन ईसीजी काढेपर्यंत सगळं शांत. दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. चोवीस तास यंत्र लावून ठेवलं, नेमकी त्या दिवशी धडधड नाही. डॉक्टरांना शंका आहे ती ठोक्यांची लय बिघडण्याची. त्या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि यांचे थोरले भाऊ पक्षाघातानेच गेले. रात्री दोन वाजता मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसते, ठोका चुकतोय हे मला कळतंही, पण सकाळी डॉक्टरांना दाखवायला कागद नसतो.

काही घड्याळांत ईसीजीची सोय असते. दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या बटणावर तीस सेकंद ठेवायचं, सर्किट पुरं होतं आणि लय लिहिली जाते. ॲपलने हे २०१८ मध्ये आणलं. २०२० मध्ये इंदूरच्या एका निवृत्त गृहस्थांची बातमी आली होती, त्यांच्या बिघडलेल्या लयीचा सुगावा घड्याळाच्या ईसीजीतूनच लागला. दवाखान्यातल्या बारा बाजूंपैकी ही एकच बाजू, आणि हार्ट अटॅक यात कळत नाही. छातीत कळ आली तर घड्याळ न बघता गाडी काढायची. पण मधूनच येऊन पळून जाणाऱ्या चोराला पकडायला घरातच पहारेकरी हवा, हे डॉक्टरांनाही पटलं. आम्हा दोघांच्या पेन्शनला किंमत जड वाटली. तरी मी म्हटलं, यंदाचं कूलर राहू दे.

मुलाची इच्छा होती, की बाबांची पावलं, झोप सगळं त्याला पुण्यात मोबाइलवर दिसावं. ह्यांनी साफ नाही म्हटलं. "ईसीजी पाठवीन, झोपेचा हिशोब देणार नाही." आणि दर रविवारी सकाळी मी बोटांनी नाडी मोजायची, त्यांनी घड्याळात पाहायची, दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे, असं त्यांनी ठरवून टाकलंय. वहीला रकाने आखून झाले आहेत.