विश्लेषण : औषध यशस्वी, कंपनी दिवाळखोर! नव्या अँटिबायोटिक्सचे गणित नेमके कुठे चुकते?

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ‘प्लाझोमायसिन’ या नव्या अँटिबायोटिकला मंजुरी दिली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गावर ते उपयोगी ठरणार होते. पण एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा महिन्यांत, ते विकसित करणाऱ्या ‘अकाओजेन’ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. औषध चांगले, गरज मोठी, तरीही कंपनी बुडाली. या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी जीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि वित्त या तिन्ही शाखांचे संशोधक कामाला लागले आहेत. हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही, आपल्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचाही आहे.

समस्या किती मोठी आहे?

‘द लॅन्सेट’मध्ये जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. असा संसर्ग मृत्यूच्या कारणांपैकी एक होता, अशा मृत्यूंची संख्या ४९ लाख ५० हजार. त्याच नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अंदाजानुसार, परिस्थिती बदलली नाही तर २०२५ ते २०५० या काळात ३ कोटी ९० लाखांहून अधिक लोक थेट या कारणाने दगावतील. सिझेरियन, सांधेरोपण, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण हे सगळे उपचार ‘संसर्ग झालाच तर अँटिबायोटिक आहे’ या भरवशावर चालतात. तो भरवसा डळमळू लागला आहे.

नवे अँटिबायोटिक शोधणे इतके अवघड का?

सर्वात चिवट जिवाणू ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ गटातले आहेत. त्यांच्याभोवती दुहेरी आवरण असते. औषधाचा रेणू त्यातून आत शिरला, तरी जिवाणूच्या पेशीतले सूक्ष्म पंप त्याला बाहेर फेकतात. शिवाय जिवाणूंची नवी पिढी काही मिनिटांत तयार होते, त्यामुळे औषधातून वाचलेले मोजके जिवाणू झपाट्याने वाढतात. प्रतिकाराची जनुके ते शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. म्हणूनच १९८० च्या दशकानंतर अगदी नव्या वर्गातील अँटिबायोटिक्स फार थोडी हाती लागली. बाजारात आलेली बहुतेक औषधे जुन्याच वर्गांच्या सुधारित आवृत्त्या आहेत. प्लाझोमायसिनही त्यातलेच.

औषध सापडल्यावर तरी पैसा का मिळत नाही?

खरी गोम इथे आहे. रक्तदाबाची गोळी रुग्ण आयुष्यभर घेतो. अँटिबायोटिकचा कोर्स काही दिवसांत संपतो. त्यातही नवे, प्रभावी अँटिबायोटिक डॉक्टरांनी शक्यतो वापरूच नये, असे सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र सांगते, कारण वापर वाढला की प्रतिकारही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे ‘ॲक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ असे तीन गट केले. ‘रिझर्व्ह’ म्हणजे इतर सर्व उपाय थकल्यावरच वापरायचे औषध.

थोडक्यात, जीवशास्त्र सांगते नवे औषध शोधा, सार्वजनिक आरोग्य सांगते ते कपाटात ठेवा, आणि गुंतवणूकदार विचारतो विक्री किती झाली? आपापल्या जागी तिघेही बरोबर आहेत. पण तिघांची उत्तरे एकत्र केली की कंपनी बुडते. मंजुरीनंतरही कारखाना चालवणे, सुरक्षिततेच्या पुढील चाचण्या करणे, पुरवठा टिकवणे यांवर खर्च सुरूच राहतो. अकाओजेनला तो झेपला नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ‘मेलिंटा’ या दुसऱ्या अँटिबायोटिक कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी, २०१८ मध्ये ‘नोव्हार्टिस’सारख्या बलाढ्य कंपनीने या क्षेत्रातील संशोधन थांबवले होते.

जोखीम वाटून घेतली तर?

अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेतील वित्तशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये एक कल्पना मांडली. ती समजायला म्युच्युअल फंड आठवावा. समजा, एखादे औषध यशस्वी होण्याची शक्यता ५ टक्के आहे. एकाच औषधावर पैसे लावले तर १०० पैकी ९५ वेळा ते बुडणार. पण परस्परांवर अवलंबून नसलेले असे १५० प्रकल्प एका फंडात घेतले, तर किमान दोन यशस्वी होण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते. मग जोखीम टाळणाऱ्या गुंतवणूकदारांनाही रोखे विकता येतात. कर्करोगाच्या औषधांच्या जुन्या आकडेवारीवर त्यांनी ५०० ते १५०० कोटी डॉलरच्या फंडाचे गणित करून पाहिले. भागधारकांना सरासरी ८.९ ते ११.४ टक्के आणि रोखेधारकांना ५ ते ८ टक्के परतावा मिळू शकतो, असे त्यातून दिसले.

मात्र या गणिताला एक अट आहे. यशस्वी ठरलेल्या मोजक्या औषधांनी भरपूर कमाई केली पाहिजे. कर्करोगात ती होते. लो यांच्याच गटाने पुढे साथरोगांवरील लशींसाठी असा हिशेब केला, तेव्हा सरकारी मदतीशिवाय तो जुळत नसल्याचे आढळले. अँटिबायोटिकचेही दुखणे तेच आहे. औषध यशस्वी होऊनही कमाई नसेल, तर अशी १५० औषधे एकत्र करून फक्त तोट्याची बेरीज होते. औषध कंपन्यांनी २०२० मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरचा ‘एएमआर ॲक्शन फंड’ उभारला. २०३० पर्यंत दोन ते चार नवी अँटिबायोटिक्स रुग्णांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे उद्दिष्ट. हा पैसा औषधाला मंजुरीच्या दारापर्यंत नेईल. पण दारापलीकडे बाजारच नसेल, तर अकाओजेनचीच कथा पुन्हा घडेल.

ब्रिटनची ‘वर्गणी’ योजना काय आहे?

अग्निशमन दलाला आपण किती आगी विझवल्या यावर पैसे देत नाही. आग लागो वा न लागो, बंब सज्ज असावा म्हणून वर्षभर खर्च करतो. ब्रिटनने २०२२ मध्ये हेच तत्त्व अँटिबायोटिकला लावले. ‘फायझर’ आणि ‘शिओनोगी’ या कंपन्यांच्या प्रत्येकी एका औषधासाठी तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम, कमाल दहा वर्षे, देण्याचा करार केला. किती इंजेक्शने वापरली गेली, याचा या रकमेशी संबंध नाही. त्यामुळे कंपनीला विक्री वाढवण्याची घाई नाही आणि डॉक्टरांनी हात आखडता घेतला तरी तिचा तोटा नाही. आरोग्य आणि वित्त या दोघांचे भांडण इथे मिटते.

अडचण इतकीच की एकट्या ब्रिटनच्या वर्गणीवर जगाचे संशोधन चालणार नाही. अमेरिकेत याच धर्तीचे ‘पाश्चर’ विधेयक २०२० मध्ये पहिल्यांदा संसदेत आले, नंतरही पुन्हा मांडले गेले, पण वर्षानुवर्षे अडकून पडले.

भारतात चित्र काय?

आपल्याकडे प्रश्न दुहेरी आहे. एकीकडे साध्या सर्दी-तापालाही अँटिबायोटिक घेतले जाते. ते आवरण्यासाठी २०१४ पासून काही औषधांसाठी ‘शेड्यूल एच-१’चे नियम लागू झाले. या नियमांनुसार औषध दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्णाची नोंद ठेवावी लागते. २०१६ मध्ये पाकिटावरील लाल रेघेबाबत जनजागृती मोहीम झाली. दुसरीकडे, ज्याला खरोखर शेवटच्या फळीतले औषध हवे, त्याला ते मिळत नाही. ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात भारतासह आठ देशांतील २०१९ ची आकडेवारी तपासली गेली. कार्बापेनेम या प्रभावी औषधगटालाही न जुमानणाऱ्या संसर्गाच्या सुमारे १५ लाख रुग्णांपैकी जेमतेम ६.९ टक्के रुग्णांना योग्य औषध मिळाले असावे, असा त्याचा निष्कर्ष आहे. भारतात हे प्रमाण ७.८ टक्के होते. म्हणजे गैरवापर आणि अभाव, दोन्ही एकाच देशात नांदत आहेत.

महाराष्ट्राचा संबंध कुठे येतो?

दोन ठिकाणी. अकाओजेन बुडाल्यावर प्लाझोमायसिनचे हक्क घेतले ते मुंबईच्या ‘सिप्ला’च्या अमेरिकी उपकंपनीने. आणि मुंबईत मुख्यालय, छत्रपती संभाजीनगरमध्ये संशोधन केंद्र असलेल्या ‘वोक्हार्ट’ने न्यूमोनियावरील ‘नॅफिथ्रोमायसिन’ हे औषध विकसित केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या कार्यक्रमात त्याचे अनावरण झाले. सरकारी माहितीनुसार, त्यामागे १४ वर्षांचे संशोधन आणि ५०० कोटी रुपयांची गुंतवणूक आहे. तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांसाठी ‘बायरॅक’ या केंद्राच्या संस्थेने ८ कोटी रुपये दिले.

हे कौतुकास्पदच आहे. पण पेच इथेही सुटलेला नाही. ५०० कोटी वसूल करायचे तर औषध भरपूर खपले पाहिजे, आणि ते गल्लोगल्लीच्या मेडिकलमध्ये खपू लागले तर काही वर्षांत निकामी होण्याचा धोका.

मग करायला काय हवे?

संशोधनाला अनुदान देणे गरजेचे आहे, पण ते अर्धेच काम झाले. सरकारने ‘रिझर्व्ह’ गटातील मोजक्या औषधांची खरेदी राज्याराज्यांत विखुरण्याऐवजी एकत्रितपणे करावी. कंपनीला विकलेल्या कुप्यांवर नव्हे, तर औषध वर्षभर सज्ज ठेवण्यासाठी ठरावीक रक्कम द्यावी. बदल्यात तीन अटी असाव्यात : किंमत आवाक्यात, पुरवठा जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि किरकोळ विक्री बंद. औषध कुणाला द्यायचे हे कळण्यासाठी जिल्हा पातळीवर जिवाणू तपासणीची प्रयोगशाळाही हवी. कल्चर रिपोर्टशिवाय डॉक्टरांना अंदाजानेच औषध निवडावे लागते.

यावर खर्च होईल आणि अनेक वर्षे तो ‘न वापरलेल्या औषधावरचा खर्च’ म्हणून दिसेल. लेखापरीक्षणात त्यावर बोटही ठेवले जाईल. म्हणूनच निर्णय आरोग्य खात्याने एकट्याने घेऊन भागणार नाही, अर्थ खात्यालाही त्यात उतरावे लागेल. १४ वर्षे खपून शास्त्रज्ञांनी औषध हाती दिले आहे. ते टिकवायचे कसे आणि त्याचे पैसे कोणी, कशासाठी द्यायचे, हे आता प्रयोगशाळेत नाही, अर्थसंकल्पात ठरेल.