चोरीची तारीख, फिर्यादीची तारीख

साध्या चोरीच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यावी यासाठी भारतात तीन वर्षांची मुदत आहे. चोरीच्या कलमात ती कुठे लिहिलेली नाही. ती शिक्षेवरून ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार निव्वळ दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, वर्षभरापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष आणि त्याहून अधिक पण तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला तीन वर्षे. त्यापुढच्या गुन्ह्यांना मुदतच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पहिल्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे, म्हणून ती या चौकटीत येते. राहत्या घरातली चोरी, देवळातली मूर्ती, सरकारी मालमत्ता किंवा नोकराने मालकाच्या घरात मारलेला हात यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाजारात खिशातून उडवलेले पाकीट आणि राहत्या घरातल्या कपाटातून नेलेले पाकीट, ऐवज तोच. पण पहिल्याला मुदत आहे, दुसऱ्याला नाही. सोनसाखळी हिसकावण्यासाठी नव्या संहितेत कलम ३०४ आले. त्याची कमाल शिक्षाही तीनच वर्षे ठेवल्याने गळ्याला हिसका बसलेल्या बाईची फिर्याद मुदतीच्या हिशेबात पाकीटमारीच्या रांगेत बसते. ही रचना पटण्यासारखी नाही.

मुदतीची ही कल्पना भारतात तशी अलीकडची. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी सर्वसाधारण तरतूद नव्हती. ती १९७३ च्या संहितेने आणली. त्यामागचे कारण रास्त होते. वर्षे उलटली की साक्षीदारांना चेहरे आठवत नाहीत, मुद्देमालाची ओळख पटवणे अवघड होते, आणि किरकोळ आरोपाची टांगती तलवार कोणाच्याही डोक्यावर जन्मभर ठेवणे न्यायाचे नव्हे. तपास यंत्रणेने हातावर हात धरून बसू नये, हाही त्यातला हेतू होता.

घड्याळ सुरू कधी होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. एरवी गुन्ह्याच्या तारखेपासून मुदत मोजतात. पण गुन्हा घडल्याचेच कोणाला कळले नसेल, तर तो फिर्यादीला किंवा पोलिसांना कळल्याच्या दिवसापासून. आणि गुन्हेगार कोण हे ठाऊक नसेल, तर त्याची ओळख पटल्याच्या दिवसापासून. चोर फरार असेल किंवा देशाबाहेर असेल, तो काळ वगळला जातो. म्हणजे अज्ञात चोराने तीन वर्षे दडून काढली की तो सुटला, हा समज चुकीचा आहे.

जपानचा कायदा इथे फार वेगळा आहे. तिथे चोरीची मुदत सात वर्षांची असून चोर अनोळखी असला तरी घड्याळ चालूच राहते. १० डिसेंबर १९६८ रोजी टोकियोच्या फुचू भागात पोलिसाच्या वेशातल्या एका मोटारसायकलस्वाराने बँकेची मोटार अडवली. आत तोशिबा कारखान्याच्या कामगारांचा बोनस होता, सुमारे तीस कोटी येन. मोटारीखाली स्फोटके असल्याची खबर आहे, असे सांगून तो खाली वाकला. धूर निघू लागला तसे बँकेचे चौघे कर्मचारी लांब पळाले, आणि तो मोटार घेऊन निघून गेला. कोणाला खरचटलेही नाही, म्हणून गुन्हा चोरीचाच ठरला. एक लाखाहून अधिक लोकांची चौकशी होऊनही माणूस सापडला नाही, आणि डिसेंबर १९७५ मध्ये खटल्याची मुदत संपली. त्यानंतर तो स्वतःहून पुढे आला असता, तरी त्याला शिक्षा करता आली नसती.

अमेरिकेत राज्यागणिक मुदती वेगळ्या आहेत. साउथ कॅरोलिना आणि वायोमिंग या राज्यांत फौजदारी खटल्याला मुदतच नाही. केंद्रीय कायद्याची सर्वसाधारण मुदत पाच वर्षांची. मार्च १९९० मध्ये बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून पोलिसांच्याच वेशात आलेल्या दोघांनी रेम्ब्रांट आणि व्हर्मीर यांच्या चित्रांसह तेरा कलावस्तू नेल्या. त्या चोरीचा खटला १९९५ मध्येच मुदतबाह्य झाला. संग्रहालयातल्या मोठ्या कलाकृतींच्या चोरीसाठी १९९४ मध्ये वीस वर्षांची मुदत आली, पण या चोरीला तिचा उपयोग नव्हता. चोरीचा माल जवळ बाळगणे हा मात्र वेगळा गुन्हा असल्याने चित्रे ज्याच्या घरात सापडतील त्याच्यावर आजही खटला होऊ शकतो. रिकाम्या चौकटी संग्रहालयात अजून भिंतीवर आहेत.

युरोपात जर्मनी साध्या चोरीला पाच वर्षे देते, राहत्या घरातल्या घरफोडीला दहा. फ्रान्सने २०१७ मध्ये तीन वर्षांची मुदत सहा वर्षांवर नेली. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांची मुदत फक्त किरकोळ गुन्ह्यांना असते. जो गुन्हा ज्यूरीपुढेही चालू शकतो, त्याला कालमर्यादा नाही आणि चोरी सर्वसाधारणपणे त्यातच मोडते.

भारतात घड्याळ थांबते कधी, यावरून दीर्घकाळ वाद होता. न्यायालयाने दखल घेतल्याची तारीख धरायची की तक्रार दाखल झाल्याची? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तक्रार दाखल झाल्याची किंवा खटल्याची सुरुवात झाल्याची तारीख ग्राह्य धरली. न्यायालयाच्या विलंबाचा फटका फिर्यादीला बसू नये, हा त्यामागचा विचार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने आणखी पुढे जाऊन पोलिस ठाण्यात खबर नोंदवल्याची तारीखच निर्णायक ठरवली. फिर्यादीच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. मात्र एफआयआर नोंदवला की दोषारोपपत्र दाखल करण्यावर या मुदतीचा धाक उरत नाही. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवण्याचे बंधन आहे, पण ते न पाळल्याने खटला बुडत नाही. मुदतीच्या कायद्याने पोलिसांच्या दिरंगाईला घातलेला लगाम त्यामुळे सैल झाला आहे. दोषारोपपत्रासाठी अशा गुन्ह्यांत वेगळी, ठाम मुदत हवी.

सगळी मदार आता पहिल्या नोंदीवर आली आहे, आणि नेमकी तिथेच गफलत होते. बाजाराच्या गर्दीत मोबाइल गेल्याचे सांगायला आलेल्या माणसाला अनेकदा चोरीच्या फिर्यादीऐवजी ‘गहाळ’ झाल्याचा दाखला मिळतो. सिमकार्ड नव्याने घ्यायला तो पुरतो, म्हणून माणूस सही करून निघून जातो. पण त्या कागदावर गुन्हाच नसतो. पुढे मोबाइल कोणाच्या हातात सापडला, तर बचावाचा वकील पहिला तोच कागद पुढे करतो. संशयिताचे नाव फिर्यादीने सांगितले असेल आणि तरीही गुन्हा नोंदवला गेला नसेल, तर तीन वर्षांचे घड्याळ त्याच दिवसापासून चालू झालेले असते.

ठाण्यात नोंद नाकारली गेली तर कलम १७३ नुसार फिर्यादीचा मजकूर पोलिस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम २२३ खाली थेट तक्रार दाखल केली, तर ती तारीखही मुदतीसाठी एफआयआरइतकीच ग्राह्य धरली जाते. तीन वर्षे उलटून गेली असली, तरी विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास न्यायालय कलम ५१९ खाली दखल घेऊ शकते.