व्हाइट मेटल की शेल?

गेल्या शनिवारी कडावला गेलो होतो, कर्जतच्या पुढे. मित्राच्या काकांचं तिथे घर आहे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९३० ची फोर्ड मॉडेल ए. आधी गणपतीचं दर्शन, मग थेट शेड. बघतो तर इंजिन उतरवून ठेवलेलं आणि काका-पुतण्यात वाद पेटलेला!

वाद बेअरिंगचा. या इंजिनात आजच्यासारखी सुटी बेअरिंग नसतात. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मऊ मिश्रधातू, म्हणजे व्हाइट मेटल, वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओततात आणि मग क्रँकच्या मापाने बोअर करतात. काकांच्या रॉडमधलं मेटल तडकलं होतं. ओतकाम करणाऱ्या मिस्त्रींनी आता काम सोडलंय आणि त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. मित्र म्हणतो, शेल बेअरिंग टाका आणि मोकळे व्हा. काका म्हणतात, "मग ती माझी गाडी राहिली का रे?"

आता मी पडलो प्रोग्रामर. इंटरफेस तोच ठेवून आतला कोड बदलला तर बिघडलं कुठे? शेलमध्ये स्टीलच्या पाठीवर धातूचा पातळ थर असतो. जाड थरापेक्षा पातळ थर लवकर तडकत नाही. आणि झिजला तर शेल बदलायचा, भट्टी पेटवायला नको.

पण घरी येताना ट्रेनमध्ये विचार केला, की यात रोलबॅक कुठाय? शेल बसवायला भोक मोठं करावं लागतं. क्रँकचं माप शेलच्या ठरलेल्या मापाशी जुळत नसेल तर क्रँकही घासावा लागतो. गेलेलं लोखंड परत येत नाही. शिवाय या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही. मऊ व्हाइट मेटल बारीक कचरा स्वतःत रुतवून घेतं, क्रँकला ओरखडे पडू देत नाही. काही शेलचा धातू कडक असतो, त्याला हे तितकंसं जमत नाही.

कायद्याचंही बघायला हवं. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. बेअरिंग हा मोठा फेरफार आहे का? माझ्या मते नाही. पण ब्लॉक कापण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

म्हणून माझं मत सरळ आहे. रॉड सुटे असतात. जुन्या रॉडचा दुसरा सेट मिळवा, त्यात शेल बसवा आणि मूळ चार रॉड तेल लावून, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवा. तळातलं तेल उडवून रॉडपर्यंत पोचतं, तेव्हा शेलला तेलाचं भोक नीट जागेवर हवं. तेल वेळेआधीच बदलत जा. ब्लॉकमधली तीन मेन बेअरिंग मात्र शाबूत असतील तर हात लावू नका. २२०० आरपीएमला ४० हॉर्सपॉवर देणारं इंजिन हे, त्याला रेस थोडीच लावायचीय!

आणि मिस्त्रींकडे एक रविवार जाऊन बसा. ते सांगतील ते लिहून घ्या, व्हिडिओ काढा. मूळ रॉडमध्ये पुन्हा ओतायची वेळ आली तर कुणाला तरी ते यायला हवं ना?

रविवारी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते पंच्याहत्तरीचे आहेत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत सुरू होईल का?"

शुद्ध ठेवायच्या नादात गाडी शेडमध्येच राहिली, तर त्या शुद्धतेचं काय करायचं?