संयुगांची खतावणी

खालापूर तालुक्यातील रसायनी हे गाव नावातच आपला व्यवसाय सांगते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना तेथे उभा राहिला आणि नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन यांसारखी मूलभूत रसायने देशातच बनू लागली. त्याच परिसरातील, कर्जत-खोपोलीच्या पेठांतील मुले मात्र बारावीत ‘प्रमाण निर्मिती अभिक्रिया’ लिहिताना अडखळतात. ज्या घरांत रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली, त्या घरांना वास्तविक हा विषय परका वाटू नये.

कोणताही हिशेब आरंभीच्या शिलकेपासून सुरू होतो. रसायनशास्त्राने ही शिल्लक शून्य मानली ती मूलद्रव्यांची. १ बार दाब आणि सामान्यतः २५ अंश सेल्सिअस तापमान असताना हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन वायुरूप असतात, तर कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात धरतात. अशा मूलद्रव्यांपासून नेमके १ मोल संयुग तयार झाल्याची नोंद म्हणजे निर्मिती अभिक्रिया. १ मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन मिळून १ मोल द्रवरूप पाणी होते व सुमारे २८६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणून पाण्याच्या खात्यावर उणे २८६ हा आकडा चढतो. अपूर्णांक टाळण्यासाठी विद्यार्थी सारे दुप्पट करतात आणि तेथेच चुकतात. अर्धा रेणू मिळत नाही हे खरे, परंतु अर्धा मोल मिळतो.

दुसरी चूक डाव्या बाजूची. कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून कॅल्शियम कार्बोनेट होते, पण ती त्याची निर्मिती अभिक्रिया नव्हे. कारण डावीकडील दोन्ही पदार्थ स्वतःच संयुगे आहेत. तेथे कॅल्शियम १ मोल, कार्बन १ मोल आणि ऑक्सिजन दीड मोल असेच लिहावे लागते.

ॲनिलिनसाठी ६ मोल कार्बन, साडेतीन मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल नायट्रोजन लिहावे लागतात. कोणताही कारखाना ॲनिलिन असे बनवत नाही. तेथे बेन्झिनपासून नायट्रोबेन्झिन व त्यापासून ॲनिलिन होते. मग ही कागदी नोंद कशासाठी? १८४० मध्ये हेस यांनी मांडलेल्या नियमानुसार अभिक्रियेची एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते. त्यामुळे प्रत्येक संयुगाचे खाते तयार असले की कोणत्याही व्यवहाराचा ताळेबंद मांडता येतो.

बेन्झिन आणि नायट्रिक आम्ल यांपासून नायट्रोबेन्झिन व पाणी होते. शुद्ध द्रवांचे आकडे स्थूलमानाने असे: बेन्झिन अधिक ४९, नायट्रिक आम्ल उणे १७४, नायट्रोबेन्झिन अधिक १२, पाणी उणे २८६. उत्पादितांच्या बेरजेतून अभिकारकांची बेरीज वजा केली की उणे १४९ उरतात. म्हणजे प्रत्येक मोलमागे सुमारे १४९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पाण्याची नोंद दुप्पट धरली तर हाच आकडा ४३५ होतो. ती नोंद राहूनच गेली तर उत्तर अधिक १३७ येते आणि प्रत्यक्षात तापणारी टाकी कागदावर थंड होते! नायट्रीकरणात सतत ढवळणे व थंड करणे अत्यावश्यक असते. उष्णता साचली तर स्फोटाचा धोका असतो. परीक्षेत ही चूक दोन गुणांची, कारखान्यात ती माणसांच्या जिवाची.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीतील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग मात्र इस्रोकडे सोपवण्याचे ठरले. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातील इंधन याच रसायनाच्या साहाय्याने जळते. त्याचे खातेपान सुरू होते ते १ मोल नायट्रोजन आणि २ मोल ऑक्सिजन याच साध्या ओळीने. घरातील मुलाने ही ओळ लिहिली की वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे: डावीकडे केवळ मूलद्रव्ये आहेत ना, उजवीकडे १ मोल आहे ना, आणि प्रत्येक पदार्थाची अवस्था लिहिली आहे ना? जमाखर्च तपासण्याची सवय असलेल्या माणसाला एवढे विचारण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.