दोन फळ्यांची संधी

सुतारकाम शिकायला चाळिशी हे काही योग्य वय नव्हे. या वयात माणसाने चष्मा घ्यावा, फार तर अंगणात दोन गुलाब लावावेत. पण गेल्या वर्षी दसरा झाला आणि जुन्नरच्या आमच्या घराच्या मागल्या पडवीत मी रंधा हाती घेतला. निमित्त होते दोन फळ्यांचे.

या फळ्या एकाच दाराच्या. आंबेगावच्या माझ्या आजोळच्या माजघराचे ते दार. ज्या गावामुळे आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. नाव उरले, गाव उरले नाही. घर मोडताना सागाची दारे उतरवून घेतली, तेव्हा एक फळी आईकडे आली, दुसरी घोडेगावला मामांकडे गेली. पुढे भरपाईच्या पैशावरून शब्दाला शब्द लागला आणि मामांचे भाऊबीजेला येणे थांबले. आमची फळी माळ्यावर पडून राहिली. त्यांची चुलीमागे धुराने काळी झाली. गेल्या वर्षी मामेभावाने घर नव्याने बांधायला काढले आणि ती फळी मला आणून दिली. आई म्हणाली, "दोन्ही मिळून एक पाट होईल का रे?" पाट कुणासाठी, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दोन फळ्यांच्या कडा सरळ करायच्या, सरस लावायचा, दाबून ठेवायच्या. यात अवघड ते काय? मी मामांची फळी बाकावर उभी धरली आणि सबंध रविवार तिच्यावर रंधा चालवला. आमची फळी सरळच आहे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. संध्याकाळी दोन्ही कडा एकमेकींना लावून दिव्यासमोर धरल्या, तर मधून उजेडाची लांबलचक रेघ! वर फळी अर्धा इंच अरुंद झालेली.

शेवटी पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना शरण गेलो. त्यांनी आधी माझा रंधा पाहिला आणि हसले. "सर, हा वीतभर रंधा. फळीत खळगा असला की हाही खळग्यात उतरतो, उंचवटा आला की वर चढतो. फळीच्या लहरीनं चालतो बघा. कड सरळ करायला लांब रंधा लागतो. तो खळग्यात उतरतच नाही, नुसते उंचवटे काढत जातो. सलग एक साल निघाली, की समजायचं कड सरळ झाली."

मग त्यांनी विचारले, "दुसरी फळी कुठाय?"

"ती सरळच आहे," मी म्हणालो.

"असं प्रत्येकालाच वाटतं," असे म्हणून त्यांनी दोन्ही फळ्यांतले जुने खिळे चाचपून उपटले, नाहीतर पात्याचा घास गेला असता. दोन्ही फळ्या पुस्तक मिटावे तशा पाठीला पाठ लावून शिकंज्यात आवळल्या आणि दोन्ही कडांवरून एकदमच रंधा मारला. मला नवल वाटले. हात जरा कलला तर? "कलू द्या की," मिस्त्री म्हणाले. हिशोब नंतर माझ्या ध्यानात आला. रंधा कलला, तर एक कड ८९ अंशांची होते, दुसरी ९१ अंशांची. पुस्तक उघडावे तशा फळ्या उलगडल्या की बेरीज बरोबर १८०! एकीचे उणे दुसरीच्या अधिकाने भरून निघते. मात्र त्यासाठी दोघींवर एकाच वेळी रंधा फिरावा लागतो.

वर्गात मी इतकी वर्षे संधी शिकवतो. 'गण' आणि 'ईश' जवळ आले की 'गणेश' होतो. 'गण'मधला अ राहत नाही, 'ईश'मधला ई राहत नाही. दोघे सुटतात तेव्हा कुठे ए होतो. सांधणे, सांधा, संधी हे सगळे एकाच कुळातले शब्द, हे फळ्यावर लिहिताना मला ठाऊक होते; फळीवर त्या दिवशी कळले.

मिस्त्रींचे हे ज्ञान आजचे नव्हे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात छताला दगडी फासळ्या कोरल्या आहेत; ती लाकडी छपराचीच नक्कल. कार्ल्याला तर अस्सल लाकडी फासळ्या दोन हजार वर्षे टिकून आहेत, आणि तिथले दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असा शिलालेख आहे. दार मोडून पाट करणाऱ्याची नोंद कोण ठेवणार!

ताज्या रंधलेल्या कडांना लगेच सरस लावला. साग तेलकट, कड शिळी झाली की सरस नीट धरत नाही. रात्रभर फळ्या शिकंज्यात ठेवल्या. आईने घोडेगावला निरोप पाठवला, "पाट तयार आहे."

भाऊबीजेला मामा आले. दाराशी घुटमळले, मग आत आले. पाटाची एक बाजू काळसर, दुसरी पिवळसर. ते वाकून बघत राहिले.

"आक्का, सांधा दिसतोय."

त्यांनी अंगठ्याचे नख त्यावरून आडवे फिरवले, एकदा, दोनदा.

"पण लागत नाही," ते हळूच म्हणाले.

"बस आता," आई म्हणाली, "निरांजन विझेल."