शौचालय स्वच्छ होतं, कडी नव्हती

सरकारी रुग्णालयात मी ३१ वर्षं नोकरी केली. परिचारिका म्हणून लागले, परिसेविका होऊन निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात होते. दर महिन्याला तीस बाह्यरुग्ण आणि तीस आंतररुग्ण यांच्याकडून अभिप्राय फॉर्म भरून घ्यायचे, हे काम तेव्हा माझ्याकडे होतं. त्यातले निम्म्याहून जास्त फॉर्म मी स्वतः भरले. महिनाअखेरीला, टेबलावर बसून, तीन वेगवेगळ्या पेनांनी भरले; तपासणीच्या पथकाला शंका येऊ नये म्हणून. हे चुकीचं होतं आणि आज ते उघडपणे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण असं करणारी मी एकटी नव्हते.

पण त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे ती पेशंटनं खरोखर भरलेल्या एका फॉर्मची.

वीस-एकवीस वर्षांची पहिलटकरीण होती. टाके पडलेले. बाळाला दूध पुरत नव्हतं. डॉक्टर राउंडला आले की सांगायचे, पाणी भरपूर पी, पातळ खा. ती मान डोलवायची. उशाशी पाण्याची बाटली संध्याकाळी जेवढी भरलेली असायची, सकाळीही तेवढीच. मी दोनदा रागावलेही तिच्यावर. चौथ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं भरला. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार. ‘शौचालयाची स्वच्छता’ या ओळीपुढे ‘उत्तम’वर खूण. बाकीच्या सगळ्या ओळींतही उत्तमच. निघताना तिच्या आईनं माझा हात धरला. म्हणाली, “सिस्टर, तुमी लई केलं आमच्यासाठी. तेवढी संडासाच्या दाराला आतून कडी लावून घ्या. पोरगी रातीला जायला भ्यायची. मी दार धरून उभी राहायची, पर माझाबी डोळा लागायचा. मग तिनं पाणीच बंद केलं.”

शौचालय खरंच स्वच्छ होतं. २०१५ मध्ये कायाकल्प योजना आली तेव्हापासून फरशी, नळ, कचऱ्याचे रंगीत डबे यांवर आमचं बारीक लक्ष असे. त्या योजनेनं सरकारी रुग्णालयांची कळा पालटली, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन. म्हणजे त्या मुलीनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आमच्या फॉर्ममध्ये कडीला रकाना नव्हता, एवढंच. ओली बाळंतीण चार दिवस तहान मारून राहिली आणि आमच्या दफ्तरी तिचे गुण पाचपैकी पाच लागले. कडी त्याच दुपारी वॉर्डातल्या मामांनी बाजारातून चाळीस रुपयांना आणून बसवली. ती किती महिने नव्हती आणि तेवढ्या काळात किती जणींनी पाणी सोडलं असेल, याचा विचार मी आजही करते.

म्हणून माझं म्हणणं आहे की ‘तुम्ही समाधानी आहात का’ हा प्रश्न रुग्णालयांनी विचारणं आता थांबवावं. घरी निघालेल्या माणसाच्या मनात सुटकेची भावना असते. बाळ धडधाकट हातात असतं. सुट्टीचं कार्ड अजून सिस्टरच्या हातात आणि सिस्टर समोर उभी. शिवाय उद्या ताप आला तर पुन्हा याच दारात यायचं आहे. अशा वेळी वाईट कोण लिहील? ज्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत त्यांनी तर तोंडच उघडू नये, असं आपल्याकडे गरिबाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. खासगीत वेगळं काही नाही. तिथं बिलाच्या खिडकीवर मोबाइल पुढे करून पाच तारे मागतात.

विचारायचं ते ‘काय घडलं’ हे. रात्री हाक मारल्यावर कुणी आलं का? गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे कुणी सांगितलं का? औषध बाहेरून आणायला लावलं का? तपासताना पडदा ओढला होता का? बाळंतिणीला ‘ओरडू नको’ म्हणून कुणी दरडावलं का? अशा प्रश्नाला उपकाराची भावना आड येत नाही. ‘सिस्टर वाईट आहे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण ‘पडदा नव्हता’ हे माणूस सहज सांगून जातो.

अमेरिकेत रुग्णालयातून घरी गेलेल्या निवडक पेशंटना एक प्रश्नावली पाठवतात. तिला एचकॅप्स म्हणतात. घरी गेल्यावर ४८ तासांनंतर आणि सहा आठवड्यांच्या आत ती विचारायची असते आणि २००८ पासून रुग्णालयवार निकाल लोकांपुढे मांडले जातात. नर्सनं तुमचं म्हणणं किती वेळा नीट ऐकून घेतलं, असा त्यातला प्रश्न. उत्तरं कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. शौचालयात जायला मदत हवी होती तेव्हा ती लगेच किती वेळा मिळाली, असाही एक प्रश्न तिच्यात आहे. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती पहिलटकरीण आठवली.

मात्र त्याच देशात एक घोटाळाही झाला. २०१२ पासून या उत्तरांवर रुग्णालयाचे पैसे ठरू लागले. वेदना कमी करण्यासाठी पुरेसे प्रयत्न केले का, अशा प्रश्नांना चांगले गुण मिळावेत म्हणून अफूवर्गातली वेदनाशामकं सढळ हातानं देण्याचा दबाव येतो, अशी तक्रार डॉक्टर करू लागले. शेवटी ते प्रश्न काढावे लागले. आपल्याकडे पैशाऐवजी मेमो असतो. रात्रपाळीला चाळीस खाटांवर दोघी असताना एका पेशंटनं ‘वागणूक समाधानकारक नाही’ लिहिलं की त्या दोघींपैकी एकीला कारणे दाखवा नोटीस निघते. खाटा चाळीसच राहतात, सिस्टर दोनच राहतात. पुढच्या महिन्यापासून फॉर्म तिसऱ्याच पेनानं भरले जाऊ लागतात. अभिप्रायाचा दंडुका करायचा ठरवला, तर खरा अभिप्राय कधीच मिळणार नाही.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. रुग्णालयातून गेल्यावर पेशंटला संदेश किंवा फोन येतो. समाधानी नसाल तर कारण विचारतात: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा की अन्य काही. माणूस घरी पोचल्यावर, सिस्टर समोर नसताना विचारायचं, ही त्यातली बाजू मला पसंत आहे. पण केसपेपरवर नंबर कुणाचा असतो, हे ओपीडीच्या खिडकीवर तासभर उभं राहून बघा. नवऱ्याचा, दिराचा, कधी आशाताईचा. बाईच्या नावापुढे बाईचा नंबर क्वचित. म्हणजे प्रसूती कक्षात काय झालं, हे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला विचारलं जातं. तो काय सांगणार? बरं झालं, म्हणतो, आणि फोन ठेवतो.

याहून चांगलं विचारणं आपल्या महाराष्ट्रानं एकदा करून दाखवलेलं आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ सुरू झालं. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांपासून आरंभ झाला, राज्य पातळीवरचं समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होतं. गावातले लोक एकत्र बसून आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरत: चांगलं ते हिरवं, मध्यम ते पिवळं, वाईट ते लाल. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळे. मग जनसुनावणी. मी एकदा अशा सुनावणीत कर्मचाऱ्यांच्या बाजूला बसले होते. एक बाई उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, सुईचे पैसे घेतात. मला आधी संताप आला, मी घेत नव्हते ना! पण घेणारं आमच्यातलंच कुणीतरी होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर ते बंद झालं. नोटीस न निघता झालं.

आज नवं काही उभारायची गरज नाही. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईला ४२ दिवसांत सहा वेळा जायचंच असतं. त्यातल्या एका भेटीत, सासू चुलीपाशी गेलेली असताना, चार प्रश्न विचारता येतील. मात्र त्या कामाचा मोबदला आशाताईला वेगळा मिळाला पाहिजे, तिच्यावर फुकट कामं लादणं पुरे झालं. विचारायचं ते भिल्लीत, पावरीत, कोरकूत, त्या बाईच्या बोलीत. उत्तरं जिल्ह्याला जाण्याआधी वॉर्डात यावीत. रुग्ण कल्याण समितीकडे किरकोळ दुरुस्तीला निधी असतो. कडी, बल्ब, पडदा यांसाठी मंत्रालयाकडे बघावं लागत नाही. आणि ओपीडीच्या दाराशी एक फळा असावा: गेल्या महिन्यात तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे केलं, हे अजून झालेलं नाही. झालेलं नाही ते लिहायची हिंमत अधीक्षकांनी दाखवली, तर लोक पुढच्या खेपेला खरं सांगतील.

वाचकांकडे एकच मागणं आहे. रुग्णालयातून विचारणा करणारा फोन आला तर कापू नका. आणि उपचार घरातल्या बाईवर झाले असतील, तर फोन तिच्या हातात द्या आणि तिचं बोलणं होईपर्यंत दुसऱ्या खोलीत जा.