दोन अँपिअर म्हणजे किती?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. होस्टेलवर माझी रूममेट फ्यूजला 'वितळतार' म्हणाली तेव्हा मी खो खो हसले होते. आता नाही हसत. त्या एका शब्दात सगळं आलं. त्या तारेने वेळेवर वितळायचं, नाहीतर तिच्याऐवजी दुसरंच काहीतरी वितळतं!

गेल्या उन्हाळ्यात मी भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये इंटर्नशिपला होते. प्रयोगशाळेत द्रावण तापवत ढवळायला जे स्टरर लागतात ते तिथे बनतात. डिझाइन एकच, अवतार दोन. एक अमेरिकेसाठी १२० व्होल्टचा, दुसरा ब्रिटनसाठी २३० व्होल्टचा. पॉवर तेवढीच, म्हणून अमेरिकन भावाचा करंट जवळपास दुप्पट (हे आपण एफ.ई.ला शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो). तो १.६ अँपिअर घ्यायचा आणि त्यात २ अँपिअरचा फ्यूज होता. एक दिवस तो फ्यूज संपला. सर म्हणाले, "दोनचाच दुसऱ्या मेकचा बघ गं." मी कॅटलॉग उघडला. साइज तोच, ५ बाय २० मिलिमीटर. २ अँपिअर, २५० व्होल्ट, स्लो ब्लो. आणि हा तर चक्क अमेरिकन स्टँडर्डचा! अमेरिकेच्या मालाला अमेरिकेचा फ्यूज. मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की काय सांगू.

मशीन टेस्टिंगला लावली. तिसऱ्या दिवशी एक बंद, पाठोपाठ दुसरं. शॉर्ट नाही, ओव्हरलोड नाही, आणि फ्यूज मात्र उडालेले.

झालं होतं असं, की आधीचा फ्यूज होता आयईसी ६०१२७ चा आणि मी निवडलेला यूएल २४८-१४ चा. दोन्हींच्या टोपीवर '२' लिहिलेलं असतं, पण दोघांची दोनची व्याख्याच वेगळी! आयईसीचा फ्यूज त्याच्यावर लिहिलेला करंट सतत वाहू शकतो. यूएलच्या फ्यूजला मात्र साध्या खोलीच्या तापमानालासुद्धा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच कायमचं राबवायचं असतं, म्हणजे दोनचा फ्यूज दीड अँपिअरचाच समजायचा. आमचा करंट १.६, वर हीटरच्या शेजारची गरम जागा. बिचारा तीन दिवस टिकला हेच खूप.

याहून भारी गंमत पुढे आहे. आयईसीचा नियम सांगतो की दीडपट करंटला या फ्यूजने निदान एक तास टिकलंच पाहिजे. यूएलचा नियम सांगतो की १.३५ पट करंटला तासाभराच्या आत तो उडालाच पाहिजे. आता दोन अँपिअरच्या दोन्ही फ्यूजमधून २.८ अँपिअर सोडा. म्हणजे १.४ पट. तासाभरात एक उडाला तर नापास, दुसरा नाही उडाला तर नापास! एकाच आकड्याचे दोन फ्यूज आणि पास होण्याच्या अटी बरोबर उलट्या.

स्टोअरमधले काका म्हणाले, "तीनचा टाक, कटकट मिटेल." खरं सांगायचं तर काका अगदीच चुकले नव्हते. यूएलमधला जरा मोठा, अडीचचा वगैरे, हिशोबात बसलाही असता. पण हिशोब केला होता कोणी? सेफ्टी टेस्टिंग झालं तेव्हा रिपोर्टमध्ये फ्यूजचा प्रकार आणि रेटिंग नोंदलेलं होतं. मी तो बदलला त्या क्षणी आमचं मशीन 'तपासलेलं मशीन' राहिलंच नाही. क्वालिटीच्या मॅडमनी हे मला सगळ्यांसमोर ऐकवलं. माल बाहेर गेला नव्हता म्हणून फक्त ऐकण्यावर भागलं. माझा राग काकांवर नाही, 'चालतंय ना' या आपल्या लाडक्या वाक्यावर आहे. फ्यूज उडाला की आपण विचारतो 'मोठा कुठला बसेल?' 'का उडाला?' हे कोणी विचारतच नाही.

आणि अँपिअरवरच सगळं थांबत नाही. काचेच्या साध्या आयईसी फ्यूजची तोडायची ताकद ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यातली जी जास्त ती. सिरॅमिकचा, वाळू भरलेला 'एच' मार्कचा असेल तर १५०० अँपिअर. मेन्सवर शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर येऊ शकतात. अशा वेळी चुकीच्या जागी बसवलेली काच नुसती उडत नाही, फुटते. टोपीवरचं ते बारीक 'एल' आणि 'एच' वाचायला मी आता मोबाइलची टॉर्च वापरते.

ब्रिटनची तर तऱ्हाच न्यारी. तिथे घरातल्या सॉकेटांची वायर रिंगसारखी फिरवतात आणि त्या रिंगला ३२ अँपिअरचं संरक्षण. म्हणून उपकरणाची बारीक वायर वाचवायला प्लगमध्येच फ्यूज, बीएस १३६२ चा. साधारण ७०० वॅटपर्यंत ३ अँपिअरचा, त्याच्या वर १३ चा. माझी लेस्टरची मावशी दिवाळीला इथून आकाशकंदील घेऊन गेली आणि तिकडचा प्लग लावून मोकळी झाली. त्या प्लगमध्ये १३ चा फ्यूज होता. दोऱ्यासारखी ती वायर! म्हणजे फ्यूज शाबूत राहणार आणि पेटणार वायर. मी फोनवरून उघडायला लावून ३ चा बसवून घेतला. मावशी म्हणाली, "एवढं शिकवतात होय गं तुम्हाला?"

नाही शिकवत मावशी, हाच तर मुद्दा आहे. आपल्या अभ्यासक्रमात फ्यूज म्हणजे दोन ओळींची व्याख्या. आणि आपल्या लॅबमध्ये? एक बिस्किटांचा जुना डबा. त्यात काच, सिरॅमिक, आयईसी, यूएल, सगळे एकत्र नांदतात, आणि तळाशी तांब्याच्या तारेची गुंडाळी, 'इमर्जन्सी'साठी! प्रोजेक्टच्या आदल्या रात्री ती तार कोणी कोणी वापरली आहे ते मला माहीत आहे. (घाबरू नका, नावं छापत नाही. त्यात एक मीही आहे.)

डबा वेगवेगळ्या कप्प्यांत लावून लेबलं चिकटवायची परवानगी मी मागितली आहे. लॅबचे काका म्हणाले, "आधी त्यातले उडालेले वेगळे काढ." परवा संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बसणार आहे. कोणी मदतीला येणार असेल तर चहा माझ्याकडून.